पायरीवरची सावली

आमच्या भाऊजींना अख्खा बाजार खोडरबर म्हणायचा आणि त्यांना त्याचा कधी राग आला नाही. राग यायला त्यांच्याकडे वेळच कुठं होता. सकाळी स्टुडिओच्या मागच्या खोलीत शिरायचे ते दिवेलागणीलाच डोळे चोळत बाहेर यायचे. पुढच्या खोलीत त्यांचे थोरले भाऊ फोटो काढायचे. पाटीवर नाव थोरल्यांचं, गिऱ्हाइकांशी गप्पा थोरल्यांच्या, 'काय सुंदर फोटो काढलात' हे कौतुकही थोरल्यांच्याच वाट्याचं. फोटोतली माणसं बघण्यालायक करायचं काम मात्र भाऊजींचं. माझी ताई, म्हणजे भाऊजींची बायको, यावरून रोज एकदा तरी फणकारायची. जन्मभर दुसऱ्याच्या सावलीत बसलात, आता तिथंच मुळं फुटतील, असं म्हणायची. भाऊजी हसायचे आणि चहा मागायचे.

मी तेव्हा शिक्षण संपवून ताईच्या घरी येऊन बसले होते. घरी बसून मी तिचं डोकं खाते, असं ताईचं मत पडलं आणि तिनं मला स्टुडिओच्या काउंटरवर नेऊन बसवलं. तेव्हापासून भाऊजींचं काम मी जवळून बघत आले. त्यांचं काम म्हणजे मुख्यतः सावल्या घालवणं. नाकाखालची सावली, डोळ्यांखालची सावली, हनुवटीखाली पडून जाड माणसाला आणखी जाड करणारी सावली, ओळखपत्राच्या फोटोत कानामागं भिंतीवर उमटलेली सावली. बारीक टोकाची पेन्सिल, दोन केसांचा वाटावा असा कुंचला, ब्लेडचं टोक आणि एका बाटलीतलं औषध एवढ्या सामानावर ते हे सगळं करत. औषधात बुडवलेला कापसाचा बोळा काळ्या जागेवरून फिरवला की काळं हळूहळू फिकं पडायचं. मग त्या फिक्या जागेवर ते कुंचल्यानं शेजारच्या जागेसारखे ठिपके भरायचे. काम झाल्यावर पूर्वी तिथं काही होतं असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकलं नसतं. पाटीवर छायाचित्रकार लिहायचं आणि आत छायेच्या हात धुऊन मागं लागायचं, हा कुठला न्याय, असं मी त्यांना चिडवायची. मेहुणी असल्याचा तेवढा फायदा मी पुरेपूर घेतला.

तशी सावलीनं माणसाचं काय वाईट केलंय? उन्हातून चालताना आपण तीच शोधतो. मोठ्या माणसाच्या सावलीत वाढलो हे अभिमानानं सांगतो, आणि त्याच तोंडानं नको असलेल्याच्या सावलीलाही उभं राहणार नाही म्हणतो. भित्र्या माणसाला स्वतःच्या सावलीची भीती वाटते आणि प्रेमात पडलेल्याला दुसऱ्याची सावली व्हायचं असतं. भाऊजींना हे सगळं ऐकवलं की ते म्हणायचे, ते बाहेरचं झालं, कागदावर ती घाणच.

आणि हे ते घरीही पाळायचे. आमच्या घरातले सगळे फोटो त्यांनीच काढलेले. ताई नव्या साडीत, ताई आणि मी झोपाळ्यावर, ताई मोठ्या नणंदेच्या लेकराला घेऊन. काढणारे तेच, त्यामुळं एकाही फोटोत ते नाहीत. ताई म्हणायची, बघणाऱ्याला वाटेल या बाईला नवराच नव्हता. एकदा अंगणात काढलेल्या फोटोत कोपऱ्यात त्यांच्या डोक्याची सावली आली होती. ती त्यांनी इतकी बेमालूम पुसली की मला तो फोटो मुद्दाम दाखवायला आणला आणि इथं काय होतं ते ओळख म्हणाले. मला ओळखता आलं नाही. त्या दिवशी स्वारी भलतीच खुशीत होती.

एक दिवस दुकानात एक वायरमन आला. याआधी आमच्या गल्लीतले दिवे दुरुस्त करताना मी त्याला शिडीवर पाहिलं होतं. उंच, खांद्यातून जरा वाकलेला, कमी बोलणारा. त्यानं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चौकट काढली. आत जुना फोटो. दगडी पायऱ्या, मधल्या पायरीवर एक तरुण बाई, तिच्या मांडीवर तान्हं बाळ. बाई कॅमेऱ्याकडे बघून हसत होती, आणि तसं हसू मी आमच्या स्टुडिओत कधी पाहिलं नव्हतं. बाळ म्हणजे तो आणि बाई म्हणजे त्याची आई. आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यातून आता निवृत्त होत होती. त्यानं दोन खोल्यांचं नवं घर घेतलं होतं आणि तिला तिथं न्यायच्या दिवशी हा फोटो साफसूफ होऊन भिंतीवर लागलेला हवा होता. तिला आधी काही कळू द्यायचं नव्हतं. आणि दुसरी प्रत नको, हाच कागद, हीच चौकट हवी. तिनं ती बरीच वर्षं पेटीत तळाशी जपली होती.

"आणि हा खालचा काळा डाग काढा," तो म्हणाला. "आईच्या पायांवर आलाय."

मी फोटो आत नेला. भाऊजींनी तो दिव्याखाली धरला आणि नाक मुरडलं. तो डाग नव्हता, फोटो काढणाऱ्याची सावली होती. पायऱ्यांखालून सुरू होऊन बाईच्या पायांपर्यंत पोचलेली, डोकं आणि दोन्ही बाजूंना निघालेली कोपरं अशी. भाऊजी म्हणाले, कुणीतरी शिकाऊ दिसतोय, सूर्य पाठीशी घे असं कुणीतरी सांगितलेलं असणार, पण आपणच मध्ये येतोय हे बघायला कुणी सांगितलं नसणार. स्टुडिओचा नियम होता की जुन्या फोटोची आधी प्रत काढायची आणि हात लावायचा तो प्रतीला. थोरल्यांनी तशी आठवणही करून दिली. पण गिऱ्हाइकाला हाच कागद हवा होता, आणि खरं सांगायचं तर भाऊजींचा हात शिवशिवत होता. असं काम रोज येत नाही. त्यांनी प्रत न काढता मूळ फोटोवरच औषधाचा बोळा फिरवला, राहिलेलं ब्लेडच्या टोकानं खरवडलं आणि त्यावर दगडाचा कण न् कण भरला. पायऱ्या धुतल्यासारख्या निघाल्या. वायरमननं फोटो पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला. मीही मान डोलावली.

पुढच्याच आठवड्यात मी दुकान उघडत होते तेव्हा एक म्हातारी बाई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हाताची बोटं जन्मभर पाण्यात राहिलेल्या माणसाची असतात तशी होती. तिनं पदराखालून ती चौकट काढून काउंटरवर ठेवली आणि हे काम कुणी केलं असं विचारलं. मला वाटलं, कौतुक करायला आली आहे. मी लगबगीनं भाऊजींना हाक मारली. म्हटलं, एकदा तरी यांचं कौतुक यांच्या तोंडावर होऊ दे.

भाऊजी हात पुसत बाहेर आले. बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग फोटोतल्या स्वच्छ पायरीवर बोट टेकवलं.

"इथं हे होते," ती म्हणाली.

मला एक क्षण काही कळलंच नाही. भाऊजींना कळलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मी स्टूल पुढं सरकवलं, पण त्यावर ते न बसता बाईच बसली आणि हळूहळू सांगू लागली. लग्न दोन्ही घरांच्या मनाविरुद्ध झालेलं, चार माणसांत उरकलेलं, फोटो काढायचं कुणाला सुचलंही नाही. कारखान्याच्या ओळखपत्रावर नवऱ्याचा एक फोटो होता, तो पुढं कारखान्यानंच ठेवून घेतला. मूल झाल्यावर नवऱ्यानं मित्राचा कॅमेरा एका दुपारपुरता मागून आणला. त्यातल्या रिळात एकच फोटो शिल्लक होता. आधी तुम्हा दोघांचा काढतो, पुढच्या वेळी मी बसतो, असं तो म्हणाला. पुढची वेळ आली नाही. त्याच वर्षी कारखान्यातल्या अपघातात तो गेला. मुलाला चालताही येत नव्हतं तेव्हा.

भाऊजींनी कसंबसं विचारलं की मुलाला हे माहीत नव्हतं का. बाईनं चौकट स्वतःकडे ओढून घेतली.

"त्याला काय सांगणार होते? हा काळा डाग म्हणजे तुझा बाप?"

ती रागावली नाही, हेच वाईट झालं. रागावली असती तर मी तरी काही उलट बोलले असते, तुमच्याच मुलानं सांगितलं होतं म्हणाले असते. ती मुलाला यातलं काही बोलू नका एवढं सांगून निघाली. तो हौसेनं भिंतीवर खिळा ठोकून बसला होता, त्याचा जीव तुटेल म्हणाली. पण वायरमनला ते कळायचं राहिलं नाही. आई फोटोकडे बघायचं टाळते हे त्याच्या लक्षात आलं, त्यानं खोदून विचारलं, आणि एका संध्याकाळी तो आमच्या दुकानात उभा. मी भांडणाच्या तयारीनं पदर खोचला होता. तो भांडला नाही. काढा म्हणणारा मीच, असं म्हणून बाकावर बसला. मग त्यानं विचारलं की काही करून ती सावली परत आणता येईल का. त्याला बाप आठवत नव्हता, त्याचा चेहराही कधी पाहिलेला नव्हता, आणि जेवढा शिल्लक होता तेवढा त्यानं स्वतःच्या तोंडानं पुसायला सांगितला होता.

भाऊजी म्हणाले, बघतो.

घरात त्या दिवसांत सुतक आल्यासारखं वाटायचं. भाऊजी ताटावर बसायचे आणि उठायचे. ताईनं आधी त्यांची बाजू घेतली, मग त्यांना धारेवर धरलं, मग दोन्ही सोडून नुसता चहा पुढं ठेवू लागली. ते रोज जाड कागदावर सावली काढून बघत होते. जन्मभर जे पुसलं ते आता बनवायला बसले होते आणि जमत नव्हतं. हाताला सवय सगळी उलटी. अखेर एक त्यातल्या त्यात बरी उतरली, ती घेऊन आम्ही दोघं त्या बाईकडे गेलो. तिनं कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि परत केला.

"हा दुसराच कुणीतरी आहे. परक्याच्या सावलीत मी नाही बसायची."

वाटेत मी भाऊजींना म्हटलं की आता सोडा, झालं ते झालं. पण दुसऱ्या दिवशी तो फोटो परत मागून आणून ते भिंगाखाली घेऊन बसले. त्यांनी एकच सावली पुसली होती. बाकीच्या, त्यांच्या दृष्टीनं निरुपद्रवी सावल्या तशाच होत्या. पायऱ्यांच्या कडेच्या खांबाची सावली तिसऱ्या पायरीवर तिरपी पडलेली होती. बाईच्या हाताची मुलाच्या दुपट्यावर. ऊन कुठून येत होतं, किती कललेलं होतं, हे सगळं त्यात होतं. भाऊजी भिंग ठेवून बाहेर आले आणि मला म्हणाले, त्या पायऱ्या अजून आहेत का विचार.

पायऱ्या होत्या. कारखाना कधीच बंद पडला होता, पण कामगारांच्या वसाहतीतल्या त्या घरात दुसरी माणसं राहायला आली होती. भाऊजी सुट्टीच्या दिवशी जाऊन बघून आले. खांबही होता, एका बाजूला रंग उडालेला. फक्त त्याची सावली तिसऱ्या पायरीवर येत नव्हती, पार दारापर्यंत जात होती. ऊन अजून सरकायचं होतं. मग आम्ही थांबलो. थंडी सरेपर्यंत भाऊजी दर सुट्टीला तिकडे चक्कर मारायचे आणि आल्यावर ताईला सावली कुठपर्यंत आली ते सांगायचे. ताई मला बाजूला घेऊन म्हणायची, या माणसाचं डोकं फिरलंय. पण दाराशी वाट बघत तीच असायची.

अखेर एका दुपारी कलत्या उन्हात आम्ही सगळे तिथं जमलो. ताईनं थर्मासमधून चहा आणला होता. त्या घरात राहणाऱ्या बाईनं काही न विचारता वाळत घातलेले कपडे काढून घेतले आणि तीही बघायला उभी राहिली. खांबाची सावली तिसऱ्या पायरीवर तिरपी पडली होती. वायरमनची आई मधल्या पायरीवर जाऊन बसली. कुठं बसायचं ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. भाऊजींनी वायरमनच्या हातात कॅमेरा दिला आणि त्याला खाली अंगणात उभं केलं, सूर्य पाठीशी घेऊन, कुठल्याही शिकाऊ माणसासारखं. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. त्याची सावली पायऱ्यांवरून चढत आईच्या पायांशी आली.

बाईनं खाली पाहिलं आणि मान हलवली.

"मान जरा डावीकडे कर. ते कलती धरायचे."

त्यानं मान कलती केली. तिनं कोपर बाहेर काढायला सांगितलं. मग थोडं वाकायला सांगितलं, मग एवढं नाही म्हणाली. मग तिनं काहीच सांगितलं नाही. ती पायांशी आलेल्या त्या काळ्या आकाराकडे बघत होती आणि तिचा हात मांडीवरून उचलला गेला होता. खांद्यातला तो वाकडेपणा त्याला कुणी शिकवला नव्हता. तो त्याचाच होता. शिडीवर मी आधीच बघितलेला.

"हलू नकोस," ती म्हणाली. "तसाच राहा आणि खाली बघ. असा दिसायचा तुझा बाप."

त्याला नीट बघताही येत नव्हतं, कारण मान हलवली असती तर सावली मोडली असती. कॅमेरा डोळ्याशी तसाच धरून तो डोळ्याच्या कडेनं खाली बघत राहिला. भाऊजींनी हळूच सांगितलं, दाब आता. त्यानं बटण दाबलं. ताई त्या अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, आणि मी कशाकडे तरी बघण्याचं निमित्त करून चहा ओतायला लागले.

या नव्या फोटोवरून जुन्या फोटोत सावली भरून देतो, आता ती परकी असणार नाही, असं भाऊजी म्हणाले. बाईनं नको सांगितलं. जुन्या फोटोतली पायरी रिकामीच राहू दे म्हणाली, ते खरोखरच गेलेले आहेत. दोन्ही फोटो तिनं शेजारी शेजारी लावले. एकात तरुण बाई मोकळ्या पायऱ्यांवर बसून कुणाकडे तरी बघून हसते आहे. दुसऱ्यात म्हातारी बाई खाली बघते आहे.

पायऱ्यांवरचा फोटो काढून घरी परतलो त्याच दिवशी ताईनं कपाटातून आमचे सगळे फोटो काढून जमिनीवर मांडले. एक एक उलटत ती विचारत गेली, यात कुठं आहात तुम्ही, यात कुठं आहात. ती नेहमीसारखी फणकारत नव्हती, खरंच शोधत होती. भाऊजी दारात उभे होते. एरवी एखादं उत्तर देऊन हसले असते. नव्या साडीतल्या फोटोत पायाशी काय होतं, झोपाळ्याच्या फोटोत भिंतीवर काय होतं, हे त्यांना एकट्यालाच माहीत होतं. मला वाटत होतं की त्यांनी अंगणातल्या फोटोतली एकच सावली पुसली असेल. त्यांनी सगळ्याच पुसल्या होत्या.

काही दिवसांनी ते दुकानातून दुपारीच घरी आले, ही गोष्ट त्यांनी आयुष्यात केली नव्हती. ताई मळक्या साडीत, केस बांधलेले नाहीत, तशीच त्यांनी तिला अंगणात नेऊन बसवली. ती ओरडत होती की निदान साडी तरी बदलू द्या. ते म्हणाले, ऊन जाईल. मी खिडकीतून बघत होते. सूर्य त्यांनी पाठीशी घेतला, दोन पावलं मागं सरले, पुन्हा पुढं आले, आणि सावली नीट तिच्या पायांशी पोचलीय हे बघून मगच बटण दाबलं. फोटो धुऊन आला तेव्हा थोरल्यांनी सवयीनं, पुसायची जागा दाखवायला, त्या सावलीवर लाल पेन्सिलीनं गोल केला. भाऊजींनी तो गोल पुसला आणि फोटो तसाच चौकटीत घातला.

भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो स्टुडिओ नाही, मागची खोली नाही, ते औषधही आता कुणाला ठाऊक नसेल. ताई माझ्याकडे राहते. तो फोटो तिच्या पलंगासमोर आहे. परवा माझी मुलगी फोन घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. मावशीचा इतका गोड फोटो आणि खाली ही काळी सावली, म्हणाली, एक बोट फिरवलं की जाईल, नवा काढून लावू.

ताई पलंगावरून उठली. तिला आता उठायला वेळ लागतो. ती भिंतीपाशी गेली आणि तिनं काचेवर, त्या सावलीवर, हात आडवा धरला.

"राहू दे गं," ती म्हणाली. "हे आहेत तिथं."